कोकमाचं रीडिंग उणे का येतं?

अँटिऑक्सिडंट ताकद मोजायच्या डीपीपीएच चाचणीत आवळा आणि चहा नीट आले आणि कोकमाचं निरोधन (किती टक्के डीपीपीएच निकामी झालं तो आकडा) तेवढं उणे १२ टक्के आलं, माल खराब असेल का, असं तू विचारलंस. ठाण्याच्या कॉलेजातला प्रकल्प, सबमिशन जवळ आलंय, काळजी वाटणारच. पण माल खराब नाही आणि तुझा हातही चुकलेला नाही. घोळ रंगाचा आहे.

डीपीपीएचचं द्रावण जांभळं, ५१७ नॅनोमीटरला प्रकाश शोषणारं. नमुन्यातल्या पदार्थाने त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की ते पिवळं पडतं, शोषण उतरतं. आपण ती उतरण मोजतो. कोकमाची लाली मात्र अँथोसायनिनची, आणि आम्लात ही रंगद्रव्यं ५१० ते ५२० च्या आसपासच प्रकाश शोषतात. जांभळा रंग गेला तरी त्याच जागी लाल येऊन बसतो, आणि यंत्राला दोन्ही सारखेच. नमुन्याचं शोषण कंट्रोलच्या (नमुना न घातलेल्या डीपीपीएचच्या) वर गेलं की सूत्रातून उणे आकडाच निघणार.

रबाळ्याच्या एका लॅबमध्ये असताना मी जांभळाच्या रसाचा असाच चुकीचा आकडा अहवालात जाऊ दिला होता. तो उणे नव्हता, नुसता कमी होता, म्हणून शंकाच आली नाही. तुझा उणे आला हे बरंच झालं. आवळा आणि चहाचे आकडेही त्यामुळे पुन्हा तपासून घे.

प्रत्येक नमुन्याला, त्याच्या प्रत्येक पातळीला (तीव्रतेला) स्वतंत्र ब्लँक लाव: नमुना तेवढाच, डीपीपीएचऐवजी साधं मिथेनॉल. त्याचं शोषण नमुन्याच्या रीडिंगमधून वजा कर. ब्लँकच फार मोठा येत असेल तर वजाबाकीवर भिस्त ठेवू नकोस, नमुना आणखी पातळ कर. डीपीपीएचचं द्रावण ताजं हवं (१०० मिलीला ४ मिलिग्रॅम म्हणजे साधारण ०.१ मिलिमोलर), आणि ३० मिनिटं अंधारात, सगळ्यांना सारखीच.

लॅबमध्ये एबीटीएस (अशाच चाचणीचं दुसरं रसायन) असेल तर कोकमासाठी तेच घे. ते ७३४ ला वाचतात, तिथे लाल रंग जवळपास आड येत नाही. फक्त पर्सल्फेट घालून रात्रभर अंधारात ठेवावं लागतं, तेव्हा आदल्या दिवशीच कर.

बाटलीतलं सरबत मात्र नको. फोलिन अभिकर्मकाने एकूण फिनॉल काढणार असशील तर ते हमखास फसवेल: आंबट पाकात साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि फोलिन त्यांनाही फिनॉलच्या खात्यात धरतं. वाशीच्या मसाला मार्केटमधून सुकी सालं आण, वजन करून पाण्यात भिजव. चहाही कोराच घे. दुधातलं केसीन मिथेनॉलमध्ये साकळून गढूळ होतं, आणि सेंट्रिफ्यूज केलंस तर चहातले पॉलिफिनॉलही त्याच्यासोबत तळाला जातात.

एकाच पातळीच्या टक्क्यांवर तुलना करू नकोस, किमान पाच पातळ्या घेऊन आयसी-५० (निम्मं डीपीपीएच निकामी करणारी तीव्रता) काढ. नवी रीडिंगं ब्लँकसकट इथे टाक, आलेख मी बघून देतो.