गाडी आणि गॅरेज : सत्तर सालची शेव्हरले, आता पुढचं काम कुठलं?

प्रश्न : काका, स. न. वि. वि. मी मूळचा सांगलीचा, सध्या ओहायोत डेटनजवळ राहतो. गेल्या वर्षी गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याकडून 1970 ची शेव्हरले सी-10 पिकअप घेतली. लांब हौद्याची आहे, 250 घनइंचाचं सहा सिलिंडर इंजिन आहे आणि तीन गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर आहेत. कार्बोरेटर साफ केला, प्लग-पॉइंट बदलले. आता एका झटक्यात चालू होते. इथपर्यंत सगळं मजेत झालं, पण पुढे काय करायचं यावर घरात चार मतं आहेत. मित्र म्हणतो, हे इंजिन काढ आणि शेव्हरलेच्याच सिल्व्हराडो पिकअपचं 5.3 लिटरचं व्ही-8 (आठ सिलिंडरचं) टाक. मेहुणा म्हणतो, आधी रंग. बायकोला एसी हवा, कारण उन्हाळ्यात तिचे आईबाबा तीन महिने येणार आहेत. मला गाडी चार इंच खाली बसलेली हवी. नव्या सिल्व्हराडोवरून उतरवलेली 20 इंची चाकं स्वस्तात मिळाली, ती घेऊन ठेवलीत. हाताशी सहा हजार डॉलर आहेत. वेल्डिंग येत नाही, बाकी पाना धरता येतो. कुठून सुरुवात करू?
— स. दे., ओहायो

उत्तर : सदे, तुमच्या पत्रात चार मतं आहेत, पण त्यांत ब्रेक हा शब्द एकदाही नाही. मी मिशिगनमध्ये सगळी नोकरी ब्रेकच्या चाचण्यांमध्ये काढली, त्यामुळे माझी नजर तिथेच जाणार हे समजून घ्या. पण माझी नोकरी बाजूला ठेवली तरी उत्तर बदलत नाही.

तुमच्या 1970 च्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाच्या डब्यात आतून घासणारे. शेव्हरलेने या पिकअपना पुढे डिस्क, म्हणजे चकतीला दोन्हीकडून धरणारा ब्रेक, सरसकट दिली ती 1971 पासून. एका वर्षाने हुकलात म्हणायचं. ड्रम ब्रेक वाईट नसतात. नीट ॲडजस्ट केलेले असले तर गावात मजेत थांबवतात. पण इंटरस्टेटवर पुढचा गाडीवाला अचानक थांबला, किंवा पावसात ड्रममध्ये पाणी गेलं, तर गाडी एका बाजूला ओढते आणि पाय जमिनीला टेकेस्तोवर दाबावा लागतो. त्यात ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ. पन्नास वर्षांच्या लोखंडी ब्रेकलाइन आतून कशा असतील हे बाहेरून दिसत नाही. तुमच्या गाडीला मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की लाइनमध्ये तेल ढकलणारा) दुहेरी आहे, 1967 पासून तसाच येतो. म्हणजे एक लाइन फुटली तर निदान दोन चाकं तरी धरतात. पण त्या भरवशावर सासऱ्यांना शेजारी बसवू नका.

आता खरा मुद्दा. पुढचं काम निवडताना मी एकच कसोटी लावतो : हे काम केल्यावर नंतर दुसऱ्या कशासाठी ते पुन्हा उघडावं लागेल का? ज्याचं उत्तर ‘नाही’, ते काम आधी. तुमच्या यादीला ही कसोटी लावून बघा. आज रंग मारलात आणि पुढच्या वर्षी केबिनच्या फरशीला, म्हणजे पायाखालच्या पत्र्याला, वेल्डिंग केलंत, तर रंग जळणार. आज वायरिंग नवं टाकलंत आणि मग इंजिन बदललंत, तर ते वायरिंग पुन्हा फाडणार. एसी आज बसवलात तर त्याची ब्रॅकेट सहा सिलिंडरची, आणि व्ही-8 आल्यावर ती भंगारात. ब्रेक मात्र कशावरच अवलंबून नाहीत. इंजिन कुठलंही असो, रंग कुठलाही असो, ते तसेच राहतात.

ब्रेक करताना एक फसगत आहे, ती तुमच्या चाकांमुळे. 1970 पर्यंत या अर्ध्या टनी गाडीला चाकाला सहा नट होते, 1971 पासून पाच झाले. बरेच जण काय करतात, 1971 किंवा नंतरच्या गाडीचा पुढचा अख्खा क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा तुळई-भाग) डिस्कसकट काढून आणतात आणि खाली बसवतात. काम सुंदर होतं, पण पुढे पाच नट आणि मागे सहा, आणि मग मागचे ॲक्सल शाफ्ट व ड्रमसुद्धा बदला. तुमची सिल्व्हराडोची चाकं सहा नटांची, आणि नट ज्या वर्तुळावर बसतात तेही तुमच्या गाडीसारखंच साडेपाच इंची. म्हणून तुम्ही सहा नटांचाच डिस्क किट घ्या. मागचं काहीही हलवावं लागणार नाही. डिस्कला तेल जास्त लागतं आणि पायाचा जोरही, म्हणून मास्टर सिलिंडर बदला, पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर लावा आणि पुढचा-मागचा दाब वाटून देणारा व्हॉल्व्ह घ्या. लाइन सगळ्या नव्या, तांबे-निकेलच्या. हाताने वाकतात, गंजत नाहीत. जुन्याच लाइनवर नवा किट जोडून पैसे वाचवणारे लोक मी पाहिलेत. त्यांना नमस्कार.

ती 20 इंची चाकं घाईने लावू नका. नट बसले म्हणजे चाक बसलं असं नाही. नव्या सिल्व्हराडोच्या चाकाचा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते) वेगळा असतो, त्यामुळे ते आत ओढलेलं बसतं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या बाजूला घासू शकतो. टायरसकट एकच चाक पुढे लावा, दोन्हीकडे पूर्ण वळवा, बोट जाईल एवढी जागा आहे का बघा. नसेल तर स्पेसर लावावे लागतील किंवा दुसरी चाकं. आणि चाकांबरोबर टायरही आले असतील तर बाजूवरचा डॉट नंबर वाचा. शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. 2309 असेल तर 2009 चा तेविसावा आठवडा. तसल्या टायरवर नक्षी कितीही ताजी दिसू दे, तो टाकून द्या.

आता इंजिन. इंजिनाचं काम आत्ता करायचं नाही, पण इंजिनाचा निर्णय आत्ता करायचा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. 5.3 टाकायचं ठरलं तर तुम्हाला सुमारे 58 पीएसआयचा (दर चौरस इंचाला 58 पौंड) इंधनदाब लागतो. आत्ताचा यांत्रिक पंप चार-पाच देतो. म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप, नव्या लाइन, स्वतंत्र वायरिंगचा हार्नेस, कॉम्प्युटर, नवे माउंट, नवा गिअरबॉक्स, एक्झॉस्ट, रेडिएटर. सहा हजार त्यात कुठे गेले ते कळणारही नाही, आणि गाडी वर्षभर लाकडी ठोकळ्यांवर.

मित्र सांगेल की 5.3 ची ताकद दोनशे ऐंशी अश्वशक्तीच्या वर आहे आणि तुमच्या सहा सिलिंडरची 155, आणि ती 155 सुद्धा जुन्या ग्रॉस पद्धतीने (पंखा-सायलेन्सरसारखी जोडणी काढून) मोजलेली, म्हणजे खरी त्याहून कमी. बरोबर आहे त्याचं. पण तुम्ही पत्रात कुठेच गाडी ओढत नाही अशी तक्रार केलेली नाही. ही तक्रार मित्राची आहे. तुमची अडचण बहुधा वेगळी निघेल : तीन गिअर आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे महामार्गावर इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गिअर, नाही. मागचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला खालच्या शाफ्टचे किती फेरे होतात तो) 3.73 असेल, टायर 28 इंची असेल, तर ताशी 65 मैलांना इंजिन सुमारे 2,900 फेरे फिरत असतं. कान किटतात. रेशो कुठला आहे हे ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर बघा. ही गाडी कारखान्यातून काय काय घेऊन निघाली ते त्यावर लिहिलेलं असतं. कागद गेला असेल तर इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना उटी, मागचं एकच चाक उचलून स्टँडवर. ते चाक हाताने दोन फेरे फिरवा आणि खालच्या शाफ्टचे फेरे मोजा. पावणेचारच्या जवळ आले तर 3.73. पाच गिअरचा बॉक्स किंवा 3.08 च्या आसपासचे मागचे गिअर बसवले की फेरे 2,400 किंवा त्याखाली येतात, आणि इंजिनाला हात लावावा लागत नाही. 3.08 ने सुटताना गाडी थोडी आळसावते, एवढंच.

माझं मत विचाराल तर सहा सिलिंडर ठेवा. बॉनेट उघडलं की आत उभं राहायला जागा आहे, प्रत्येक नटापर्यंत हात जातो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो ते असल्या इंजिनाला ‘गरीब गाय’ म्हणत. पण निर्णय तुमचा. व्ही-8 च हवं असेल तर तसं आजच ठरवा, आणि मग वायरिंगला व एसीला ते येईपर्यंत हात लावू नका.

गंज आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेहुण्याने त्या एक केल्या. गंज लवकर काढायचा, रंग सगळ्यात शेवटी. या पिढीच्या केबिनची दुखणी ठरलेली : रॉकर, म्हणजे दाराखालचे लांब पत्रे, केबिनचे मागचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा, केबिन चेसिसवर बसते ते माउंट, आणि पुढच्या काचेचे खालचे कोपरे. स्क्रूड्रायव्हर घेऊन खालून टोचा. लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे कुणीतरी पुट्टी भरून ठेवली आहे. वेल्डिंग येत नाही म्हणता, तर हे काम द्या बाहेर, पण एक गोष्ट आधी विचारा : रॉकर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड करणार का? ‘गरज नाही’ म्हणाला तर दुसरा माणूस बघा. पट्टी न लावता रॉकर कापला की केबिन मधोमध बसते, आणि मग दार आयुष्यभर उचलून लावावं लागतं. खालचा रंग मूळ कारखान्याचा असेल तर पॉलिश करून बघा. ऊन-पावसाने विटलेल्या मूळ रंगाला अमेरिकेत चांगला भाव आहे, नव्या रंगापेक्षा कधी कधी जास्त.

आता सासूसासरे. तुमच्या गाडीची पेट्रोलची टाकी कुठे आहे माहीत आहे ना? केबिनच्या आत, सीटच्या मागे. 1972 पर्यंत तिथेच होती. दार बंद करून सकाळी वास येत असेल तर पेट्रोल भरायच्या तोंडाजवळचा रबरी पाइप फुटलाय. जुनं रबर आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकत नाही. पाइप लगेच बदला. टाकी हौद्याखाली हलवायची असेल तर इंजिनाच्या निर्णयानंतर, कारण पंप टाकीत हवा की नको हे त्यावर ठरतं. पट्टेही नुसते कमरेचे असतील. दारामागच्या खांबाला आतून जाड पट्टी लावून खांद्याचे पट्टे जाणकाराकडून बसवून घ्या. सीट एकसंध आहे, तिघं बसतात, पण मधल्याचे पाय गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर येतात. सासूबाईंना मधे बसवणार असाल तर आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत. न्यूयॉर्कला नेऊ नका.

इंजिन ठेवायचं ठरलं तर एसी बसवता येतो, पण आधी वायरिंग नवं आणि ऑल्टरनेटर मोठा. मूळचा साधारण 37 अँपिअरचा असतो, तो हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकत्र लावले की दमतो. म्हणजे या उन्हाळ्यात एसी होत नाही. बायकोला आजच सांगा, मे महिन्यात सांगू नका.

गाडी खाली बसवण्याचं तुमचं वेड मला कळतं. शेव्हरलेच्या या पिकअपना मागे कमानी नसून कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सलला पुढून धरणारे लांब ट्रेलिंग आर्म असतात. हीच रचना पुढे अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतीच्या गाड्यांनी कितीतरी दशकं वापरली, इतकी ती चांगली आहे. आखूड कॉइल घातले की मागची बाजू खाली येते. पण मग ॲक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून ॲक्सलला बाजूला सरकू न देणारी आडवी पॅनहार्ड दांडी ॲडजस्ट होणारी घ्या, शॉकअपही आखूड. मागे चार-पाच इंचांपेक्षा खाली गेलात तर ॲक्सल चेसिसला आपटतो आणि चेसिसमध्ये खाच मारावी लागते. उंची ठरवायची ती चाकं-टायर लागल्यावर. त्याआधी मोजलेले चार इंच कागदावरचे.

पैशांचं म्हणाल तर ब्रेक, लाइन, गंजाचं काम आणि टाकीचे पाइप एवढं आधी उरका, आणि एक तृतीयांश रक्कम शिल्लक ठेवा, कारण फरशी उचलल्यावर खाली काय निघेल हे कुणी सांगत नाही. मग एक अख्खा उन्हाळा काहीही न उघडता चालवा. डॅशबोर्डवर वही ठेवा, जे खुपलं ते लिहा. ऑक्टोबरमध्ये वहीत ‘इंजिन कमी पडतं’ असं पाच वेळा लिहिलेलं असेल तर मित्र खरा. विम्यात मात्र आत्ताच ठरलेल्या किमतीची पॉलिसी घ्या आणि केलेले बदल कळवत जा. साध्या पॉलिसीत पन्नास वर्षांच्या गाडीची किंमत भंगाराएवढी धरतात.

प्रश्न : आजोबांची 1962 ची विलीज जीप साताऱ्याला शेडमध्ये उभी आहे. पेट्रोल इंजिन अडकलंय. त्यात डिझेल इंजिन टाकून मागे छोटा हौदा करावा असं चाललंय. योग्य होईल का?
— अ. शि., सातारा

उत्तर : अमेरिकेतल्या वरच्या गृहस्थांना जी मोकळीक आहे ती तुम्हाला नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केलंय. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, मिस्त्री नंतर. हौद्याचं तर विसराच.

त्यापेक्षा दुसरी वाट बघा. जुलै 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, खासगी वापराची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर नव्याने नोंदणाऱ्या गाडीला मिळतो. पुनर्नोंदणीची फी 5,000 रुपये, मुदत 10 वर्षं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलात की ही वाट बंद. म्हणून अडकलेलं इंजिन फेकू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या, आणि मग हाताने फिरतं का बघा. स्टार्टर मारू नका. दरम्यान आरसी काढून चेसिस आणि इंजिनचे नंबर ताडा. आरसी अजून आजोबांच्याच नावावर असेल तर वारसाच्या नावाचं हस्तांतरण पहिलं. त्याशिवाय पुढचा अर्ज घेणारच नाहीत.