उत्कर्षबिंदू : नाटकाच्या मध्यावर की शेवटी?

प्रश्न असा आला आहे : "नाट्यशास्त्राच्या नोट्समध्ये एक त्रिकोण काढलेला आहे आणि त्याच्या टोकाला, म्हणजे नाटकाच्या बरोबर मध्यावर, 'उत्कर्षबिंदू (क्लायमॅक्स)' असं लिहिलंय. सिनेमाच्या परीक्षणात मात्र क्लायमॅक्स म्हणजे शेवटची वीस मिनिटं. यातलं चूक कोण? आणि परमोच्च बिंदू, उत्कर्षबिंदू, कळस हे तिन्ही एकच का? बिंदूतला दू ऱ्हस्व की दीर्घ?"

चूक कोणाचीच नाही. एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी बिऱ्हाडाला आल्या आहेत, एवढंच. त्रिकोण ज्याचा आहे त्या गृहस्थाकडे आधी जाऊ.

गुस्ताफ फ्रायटाग, जर्मन लेखक. जन्म 1816, सायलेशियातल्या क्रॉइट्सबुर्ग गावी. ते आज पोलंडमध्ये आहे. वडील डॉक्टर आणि गावचे महापौर. 1838मध्ये बर्लिनला डॉक्टरेट, विषय जर्मन नाट्यकाव्याचा उगम. मग काही वर्षं ब्रेस्लाऊला अध्यापन, आणि 1848पासून युलियान श्मिटच्या जोडीनं लाइपझिगच्या 'डी ग्रेन्त्सबोटन' या साप्ताहिकाचं संपादन. नाटकं लिहिली, कादंबऱ्या लिहिल्या, राजकारणही केलं. 1895मध्ये वीसबाडेनला वारला. 1863 साली त्यानं नाटकाच्या तंत्रावर एक पुस्तक लिहिलं आणि तुमचा त्रिकोण त्यातला आहे. खरं तर तो त्रिकोणही नव्हे, नुसत्या दोन रेघा : एक चढती, एक उतरती. त्यांवर पाच अक्षरं, नाटकाच्या एकेका भागाचं एकेक : प्रस्तावना, चढण, माथा, उतार किंवा उलट फिरणं, आणि अखेरचा विनाश.

माथ्यासाठी फ्रायटागचा शब्द आहे 'ह्योहपुंक्ट'. 'ह्योह' म्हणजे उंची, 'पुंक्ट' म्हणजे बिंदू. म्हणजे आपला 'परमोच्च बिंदू' जवळजवळ शब्दाला शब्द. 'परम' तेवढा पदरचा. गंमत अशी, की उंची कशाची हे तो शब्द सांगत नाही. आपण धरून चालतो की प्रेक्षकाच्या भावनेची. फ्रायटागच्या डोक्यात मात्र नाटकातला झगडा आहे. त्याच्या मते गंभीर नाटकात दोन बाजू असतात, डाव आणि प्रतिडाव. अर्ध्या नाटकात एक बाजू रेटत असते आणि उरलेल्या अर्ध्यात दुसरी. रेटा जिथे एका हातून दुसऱ्या हाती जातो ती जागा म्हणजे ह्योहपुंक्ट. प्रेक्षक रुमाल कधी काढतो याच्याशी त्या जागेचा संबंध असेलच असं नाही.

शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'वर हे ताडून पाहा. सीझर तिसऱ्या अंकात मरतो. नाव त्याचं, पण अजून दोन अंक बाकी! नाटक ब्रूटसचं आहे असं धरलं की कोडं सुटतं. कटाची कुजबुज, रात्रीची खलबतं, मग सभागृहातला खून : इथवर सगळी हालचाल ब्रूटस आणि त्याच्या साथीदारांची. खून होतो त्या क्षणी ते माथ्यावर आहेत. आणि त्याच माथ्यावर ब्रूटस सीझरच्या मित्राला, अँटनीला, प्रेतापुढे बोलायची परवानगी देतो, कटातला साथीदार कॅशिअस नको म्हणत असतानाही. अँटनीचं भाषण संपेपर्यंत जमाव फिरलेला असतो. तिथून पुढे दोऱ्या अँटनी आणि ऑक्टेव्हिअसच्या हातात. ब्रूटसला रोम सोडून पळावं लागतं आणि फिलिपीच्या रणात तो स्वतःच्याच तलवारीवर जीव देतो. परीक्षणकार ज्याला क्लायमॅक्स म्हणेल ते फिलिपी. फ्रायटागच्या हिशेबानं माथा दोन अंक मागेच पडला.

मग त्या शेवटच्या वीस मिनिटांना फ्रायटाग काय म्हणतो? त्याच्याकडे त्यासाठीही नावं आहेत. विनाशाच्या जरा आधी, 'आता सुटतो की काय' अशी आशा क्षणभर दाखवावी, असं तो सांगतो. ते शेवटच्या ताणाचं स्थान. आणि मग विनाश, 'काटास्ट्रोफं'. हा ग्रीक शब्द आहे, मूळ अर्थ उलथणं, खाली वळणं. आपण तो आज पूर-भूकंपाच्या बातम्यांपुरता ठेवला आहे. बहुतेक आकृत्यांतून तो गळाला आणि त्याजागी 'उकल' आली, म्हणजे मूळच्या शोकनाट्याची आकृती कुठल्याही गोष्टीला चालेलशी झाली.

गोंधळ पक्का झाला तो भाषांतरात. 19व्या शतकाच्या अखेरीस हे पुस्तक इंग्रजीत गेलं आणि ह्योहपुंक्टचा 'क्लायमॅक्स' झाला. हा शब्दही मुळात ग्रीक, अर्थ 'शिडी'. अलंकारशास्त्रात पायरीपायरीनं चढत जाणाऱ्या वाक्यरचनेला तो लावत. पुढे लोकांनी शिडी सोडली आणि टोक तेवढं धरलं. ही शिडी आपल्याकडेही आहे बरं का : 'सार' अलंकार. त्याचं लक्षण सांगताना 'उत्तरोत्तर उत्कर्ष' असंच म्हटलेलं आहे. उत् म्हणजे वर, कृष् म्हणजे ओढणं. तेव्हा 'उत्कर्षबिंदू' ज्यानं कुणी घडवला त्याचा कान चांगला होता; ओढत ओढत वर नेणं त्या शब्दात ऐकू येतं. आता 'उत्कर्ष मंडळ' वगैरेंमुळे त्याला भरभराटीचा वास लागलाय, त्याला इलाज नाही.

'कळस' मात्र वेगळा. कळस देवळाचं सगळं काम झाल्यावर चढतो, त्याच्यापुढे काही बांधायचं उरत नाही. ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय कळसाध्याय म्हणतात तो याच अर्थानं. म्हणून सिनेमाच्या शेवटाला कळस म्हटलेलं मला चालेल, फ्रायटागच्या माथ्याला अजिबात नाही. (बोलण्यात 'निर्लज्जपणाचा कळस' जास्त ऐकू येतो हा भाग निराळा.)

वर्गात सांगायची वेळ आली तर मी 'खिंड' म्हणतो. चढ जिथे संपतो आणि उतार जिथे सुरू होतो ती जागा. मुक्काम तिथे नसतो. शिवाय माणूस गाठला जातो तोही खिंडीतच. ब्रूटसचं तेच झालं.

संस्कृत पंचसंधींशी, म्हणजे नाटकाच्या कथानकाच्या पाच टप्प्यांशी, फ्रायटागची जोडी लावायचा मोह अनेकांना होतो : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. पाचाला पाच जुळतात, मधला गर्भही मध्येच येतो. पण आपली वाट फलागमाला, म्हणजे नायकाच्या हाती फळ येण्याला, पोचते, त्याची विनाशाला. जोडी लावा, मात्र उतार आपल्याकडे नाही हे लिहून ठेवा.

पाच भागांचा हा आग्रह धरणाऱ्या फ्रायटागचं सगळ्यांत गाजलेलं नाटक कोणतं? 'डी युर्नालिस्टन', म्हणजे 'पत्रकार'. 1852 साली ब्रेस्लाऊला रंगमंचावर आलं. निवडणूक, दोन भांडणारी वर्तमानपत्रं, आणि उमेदवारापुढे उमेदवार म्हणून उभा त्याच्या प्रेयसीचा बाप. हे सुखात्मक नाटक आहे आणि चार अंकी आहे! त्यानं 1859मध्ये लिहिलेली रोमन शोकांतिका आज कोणी काढत नाही. 'पत्रकार'मधला श्मोक मात्र जर्मन भाषेतच राहायला गेला. डावीकडूनही लिहिलं, उजवीकडूनही लिहिलं, म्हणाल त्या दिशेनं लिहितो, असं सांगणारा हा भाडोत्री लेखणीवाला. 'एकच प्याला'तला तळीराम जसा आपल्याकडे दारुड्याचं सामान्यनाम झाला, तसा श्मोक तिकडे तत्त्वशून्य पत्रकाराचं. फरक एवढाच, की श्मोक ज्यू दाखवलाय आणि ते टोचतं. फ्रायटागच्या 1855च्या कादंबरीतली ज्यू पात्रं तर त्याहून वाईट रंगवलेली आहेत.

तर, उत्तरपत्रिकेत फ्रायटागबद्दल लिहिताना 'उत्कर्षबिंदू' लिहा आणि तो मध्यावर दाखवा. परमोच्च बिंदूही चुकीचा नाही, पण त्यातल्या 'परम'मुळे वाचक शेवटाकडे पाहू लागतो. सिनेमाच्या परीक्षणात खुशाल 'क्लायमॅक्स' लिहा, तो आता मराठीच झालाय. आणि दू दीर्घ : तत्सम शब्दाच्या शेवटचा उकार मराठीत दीर्घ लिहायचा. समासात आधीचं पद झालं की तो पुन्हा ऱ्हस्व, म्हणून 'उत्कर्षबिंदू' पण 'बिंदुरेषा'.