विचारा की! : आजोबा तिकडचे, नातू इकडचा, मग खेळायचं कुणाकडनं?

गेल्या अंकात याच पानावर रग्बी लीगबद्दल दोनच ओळी टाकलेल्या, की टोंगा नावाच्या लाखभर वस्तीच्या देशानं 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाला 16-12 नं हरवलं आणि त्या टीममधली बहुतेक पोरं न्यूझीलंड नाहीतर ऑस्ट्रेलियात वाढलेली. एवढ्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की यावेळचं पान त्यालाच दिलंय. पेन्शनवाल्यांचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न : टोंगाचं वाचलं. आमच्याकडं यात्रेला कबड्डीच्या मॅची असतात. मागल्या खेपेला शेजारच्या गावानं मुंबैची पोरं आणून आमचं वाटोळं केलं, विचारलं तर म्हणतात आमचीच पोरं हाईत की. हे चालतंय काय? आणि जगात पण असंच चालत असलं तर मग आम्ही वर्षभर घाम कशाला गाळायचा?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : किती पॉइंटनं हारलात ते काय लिहिलं नाही तुम्ही, म्हणजे बरंच असणार.

रग्बी लीगमध्ये नियम सरळ आहे. तुमचा स्वतःचा, आईबापाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जरी त्या देशात जन्म असला तरी तुम्ही त्या देशाकडनं खेळू शकता. वर अजून एक सोय आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंड हे तीन मोठे देश, यातल्या एकाकडनं खेळलेला गडी खालच्या छोट्या देशाकडं जाऊ शकतो, परत मोठ्याकडं पण येऊ शकतो, फक्त एका मोठ्याकडनं दुसऱ्या मोठ्याकडं उडी मारता येत नाही. 2017 च्या वर्ल्ड कपला याचाच स्फोट झाला. जेसन टाउमालोलो न्यूझीलंडचा हुकमी एक्का, अँड्र्यू फिफिटा ऑस्ट्रेलियाचा, दोघांनी ऐन वेळेला मोठ्या टीमला रामराम ठोकला आणि टोंगाची लाल जर्सी घातली. मग हॅमिल्टनला न्यूझीलंडशीच गाठ पडली, हाफ टाइमला 16-2 नं मागं होते आणि तिथनं 28-22 नं जिंकले. सेमीफायनलला इंग्लंडनं 20-0 केलेलं, सगळे उठून चाललेले, शेवटच्या काही मिनिटात टोंगानं तीन ट्राय मारून (बॉल समोरच्याच्या रेघेपलीकडं नेऊन टेकवला की ट्राय) 20-18 वर आणलं आणि तिथंच वेळ संपली. ऑकलंडमध्ये गाड्यांवर लाल झेंडे लावून लोक रस्त्यावर. यातल्या कित्येकांनी टोंगा बेट सुट्टीत बघितलं असेल तेवढंच.

आता तुमचं शेजारचं गाव. मी एका यात्रेत हे डोळ्यानं बघितलंय. डोंबिवलीचं एक पोरगं रात्रीच्या गाडीनं उतरलं, झोप नाही, गुडघ्याला नीकॅप, समोरच्या टीमनं पंचाकडं तक्रार घातली की आधार कार्डावर पत्ता डोंबिवलीचा आहे. पोराचा चुलता उठला, घरी गेला आणि आजोबाच्या नावचा शेताचा उतारा घेऊन आला, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला. पंच तो उतारा उलटासुलटा करून बघतोय, त्याला कन्नड वाचता येईना, शेवटी पुजाऱ्यानं वाचून दाखवला. पोरगं खेळलं. पहिल्याच रेडला पकडलं गेलं ते सोडा.

मला विचाराल तर ते पोरगं गावचंच. वर्गणी त्याच्या बापाकडनं घेताना गावचा म्हणूनच घेतली की. पण पाचशे रुपये रोज देऊन आणलेला भाड्याचा रेडर आणि हे पोरगं, दोन्ही एकच असं कोण म्हणत असंल तर ते खोटं.

प्रश्न : रग्बी म्हणजे ते न्यूझीलंडवाले आधी जीभ काढून नाचतात तेच ना? मग लीग काय वेगळं?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाच दोन्हीकडं आहे. 1895 ला इंग्लंडच्या हडर्सफील्डमध्ये उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. खाणीतले गिरणीतले कामगार खेळायचे, शनिवारची मॅच खेळली की मजुरी बुडायची, ती भरून द्या म्हणाले तर वरचे साहेब लोक नाही म्हणाले. त्यातनं फुटून हा खेळ झाला. जुन्या रग्बीत, म्हणजे युनियनमध्ये, 15 जण, लीगमध्ये 13. सहा वेळा पकडले गेलात की बॉल समोरच्याला, त्यामुळं कबड्डीवाल्याला हा खेळ पाच मिनिटात कळतो.

प्रश्न : मी शाळेत पीटी शिकवतो. बाहेरची तयार पोरं आणून देश मोठा झाला असं दाखवायचं, मग त्या देशात मातीत खेळणाऱ्या पोरांच्या हाताला काय लागलं? मला तर हे शोभेचं वाटतंय.
— एक शिक्षक, चिकोडी

उत्तर : सर, खरा मुद्दा तुम्हीच काढलात. हा खेळ मुळात फार थोड्या ठिकाणी जोरात आहे, उत्तर इंग्लंड, सिडनी-ब्रिस्बेन, न्यूझीलंड आणि पापुआ न्यू गिनी, जिथं तो राष्ट्रीय खेळच आहे. बाकी देशांनी एकदम वर्ल्ड कपची टीम आणायची कुठनं? मग सिडनीतल्या लेबनीज वस्तीतली पोरं लेबनॉनची होतात. 2000 च्या वर्ल्ड कपला लेबनॉनची टीम जवळजवळ सगळी ऑस्ट्रेलियातलीच. गंमत म्हणजे त्यातला सगळ्यात नावाजलेला हझेम एल मस्री हा लेबनॉनच्याच त्रिपोलीत जन्मलेला, लहानपणी घरच्यांबरोबर सिडनीला गेलेला. पहिल्याच वेळी न्यूझीलंडनं 64-0 नं धुतलं. लोक हसले असतील. पण त्यानंतर तिथं देशात लीग सुरू झाली, बैरूतच्या विद्यापीठातली पोरं टीम काढून खेळायला लागली, आणि 2017 ला लेबनॉन क्वार्टर फायनलला टोंगाकडनं फक्त दोन पॉइंटनं हारलं, 24-22.

ग्रीसचं तर सिनेमा काढण्यासारखं आहे. तिथल्या सरकारची या खेळाला मान्यताच नव्हती, देशातली पोरं लपूनछपून, रात्री, मिळेल त्या ग्राउंडवर खेळायची, पोलीस येतील ही भीती. टीममध्ये सिडनीची ग्रीक आडनावाची पोरं पण आणि ही लपून खेळणारी पण. वर्ल्ड कपला पोचले आणि तो वर्ल्ड कप झाला त्याच 2022 साली सरकारनं मान्यता दिली. वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडनं 94-4 नं हाणलं ही गोष्ट वेगळी. मला विचारा तर ते 94 विसरले जातील, मान्यतेचा कागद राहील. सिडनीच्या पोरांशिवाय वर्ल्ड कप नसता आणि वर्ल्ड कपशिवाय तो कागद कधी हलला असता देव जाणे.

पण प्रत्येक ठिकाणी असं होतं असं नाही सर, तुमची शंका रास्त आहे. पोरं महिनाभर येतात, राष्ट्रगीत फोनवर बघून पाठ करतात, जातात. माझं साधं गणित असंय की शहरातनं पाच आणा पण त्यांच्याबरोबर गावातली दोन तरी मैदानात उतरवा, बेंचवर नको, मैदानात. तुमच्या शाळेतल्या पोराला मुंबैच्या डिफेंडरची अँकल होल्ड एकदा अंगावर घेऊ दे, व्हिडिओत बघून ती कळत नाही.

आणि शोभेचं म्हणाल तर सामोआ बघा. 2022 च्या वर्ल्ड कपला पहिल्या मॅचला इंग्लंडनं 60-6 नं तुडवलं. चार आठवड्यांनी लंडनला त्याच इंग्लंडला सेमीफायनलमध्ये 27-26 नं काढलं, गोल्डन पॉइंटवर (बरोबरी झाली की जादा वेळेत जो आधी पॉइंट घेईल तो जिंकला), स्टीफन क्रायटनच्या किकनं. फायनल ऑस्ट्रेलियाकडनं हारले, 30-10. शोभेची टीम चार आठवड्यात एवढी उठत नाही हो.

प्रश्न : मग आपल्या फुटबॉलला काय धाड भरलीय? बाहेर एवढी भारतीय वंशाची पोरं खेळतात, त्यांना का नाही घेत?
— लेले ग्राउंडवर रोज संध्याकाळी येणारा एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : कारण आपल्याकडं दोन पासपोर्ट चालत नाहीत. ओसीआय कार्डवाल्याला, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला, 2008 पासून देशाकडनं खेळता येत नाही, भारताचाच पासपोर्ट पाहिजे. म्हणजे आजोबा दाखवून भागत नाही, आहे ते नागरिकत्व सोडून यावं लागतं. अराता इझुमीनं जपानचं सोडलं आणि 2013 ला भारताकडनं खेळला, तो पुणे एफसीचा म्हणून आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीत होता. आता 2025 ला बेंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचं सोडलं, त्याची आई मुंबैत जन्मलेली. असे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. याच्या उलट चोर्ला घाट उतरून गोव्यात जा, आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट काढायला किती धावपळ चाललेली असते. तिकडं आजोबा उपयोगी पडतात, इकडं पडत नाहीत.

(क्रिकेटमधला आपला सौरभ नेत्रावळकर अमेरिकेकडनं खेळला, 2024 ला पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर त्यानंच टाकली, पण तो वंशावर नाही, तिथं राहून पात्र झाला. दोन्ही एकात मिसळू नका.)

प्रश्न : माझ्या वडिलांचा जन्म बेळगावात 1948 चा, दाखल्यावर मुंबई प्रांत. माझा जन्म त्याच घरात, दाखल्यावर म्हैसूर राज्य. पोरगं पुण्यात वाढलंय. घर तेच, राज्यं तीन. तुमच्या या रग्बीत आमचं काय झालं असतं?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : काका, वाचून हसू का रडू कळेना झालं. 1956 ला रेघ घराच्या वरनं गेली त्याला कुठल्या खेळाचा नियम पुरणार?

पण तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांची जुनी खुन्नस. पूर्वी नियम असा की ज्या राज्यातल्या क्लबाकडनं खेळता त्याच राज्याकडनं खेळायचं. पैसा सिडनीत, म्हणून क्वीन्सलँडची चांगली पोरं सिडनीला जायची आणि आपल्याच राज्याला हरवायची. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी 8 जुलै 1980 ला ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर पहिल्यांदा मूळ राज्याप्रमाणं मॅच लावली. क्वीन्सलँडचा कॅप्टन आर्थर बीटसन, वय 35, त्याआधी न्यू साउथ वेल्सकडनं खेळलेला, त्या दिवशी सिडनीतल्या स्वतःच्याच क्लबच्या मिक क्रोनिनला मैदानात भिडला. क्वीन्सलँड 20-10 नं जिंकलं. आता ती सिरीज दरवर्षी होते, स्टेट ऑफ ओरिजिन म्हणतात, आणि वयाची 13 पूर्ण व्हायच्या आत कुठं राहत होतात यावर राज्य ठरतं.

त्या हिशेबानं तुमच्या वडिलांचं राज्य वयाच्या आठव्या वर्षी बदललं, म्हणजे तेराच्या आतच, तर त्यांना दोन्हीकडनं बोलावणं आलं असतं. तुमचं राज्य तर घर न हलता म्हैसूरचं कर्नाटक झालं, ते फक्त नाव. पोरगं मात्र पुण्याचं, महाराष्ट्राचंच धरणार. ते खेळतंय काय ते तुम्ही लिहिलंच नाही बगा. कॅरम असंल तर हे सगळं उगाच वाचलंत.