गोऱ्यांनी दिलेली जागा

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालाचे संपादन गळ्यात पडलेल्या एका वाचकाने विचारले आहे: 'गोरे यांनी' लिहावे, 'गोऱ्यांनी' की 'गोरेंनी'? 'प्रा. डॉ.' ही जोडी चालते का? 'विभागप्रमुख' जोडून की तोडून? आणि कुलगुरू बाई असतील तर काय लिहायचे?

पहिला प्रश्न मला जिव्हाळ्याचा आहे, कारण त्यात मी तोंडावर आपटलो आहे. एका जुन्या संस्थेच्या स्मरणिकेत माझ्या हातून 'गोऱ्यांनी ग्रंथालयासाठी जागा दिली' असे वाक्य गेले. संस्था इंग्रजी अमदानीतली, तेव्हा निम्म्या वाचकांनी मनातल्या मनात साहेबाचे आभार मानले. जागा देणाऱ्यांचे आडनाव गोरे होते, आणि त्यांचे नातू प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसले होते.

व्याकरणाने पाहिले तर 'गोऱ्यांनी'त काहीही चूक नाही. एकारान्त आडनावांचे सामान्यरूप असेच होते: फडक्यांनी, गोखल्यांनी, शिंद्यांनी. बोलण्यात तर हेच कानाला गोड लागते. पण कागदावर आवाज नसतो, ओळखपाळख नसते. मान्यांनी म्हणजे माने की मान्यवर? काळ्यांचा अहवाल? 'मोऱ्यांच्या देखरेखीखाली वसतिगृहाचे काम पूर्ण झाले' हे तर मोठ्याने वाचूच नका. शिवाय काही आडनावे विभक्ती लागताच आतूनही बदलतात. पाटीलचे पाटलांनी, गाडगीळचे गाडगिळांनी. अहवालाच्या संगणकीय प्रतीत कुणी 'पाटील' शोधले, तर 'पाटलांनी' हाती लागणार नाही.

'गोरेंनी' ही वर्तमानपत्री मथळ्यांची सोय. जागा वाचते आणि नावही वाचते. मथळ्यात मी ते खपवून घेतो, मजकुरात मला ते खटकते. हा माझ्या कानाचा दोष समजा हवे तर.

औपचारिक मराठीने यावर फार शहाणी युक्ती काढली आहे. विभक्तीचे ओझे नावावर न टाकता शेजारच्या सर्वनामावर टाकायचे: गोरे यांनी, पाटील यांचा, गाडगीळ यांच्याकडे. नावाला धक्का लागत नाही आणि आदरही आपोआप येतो. दहा नावे असली तरी शेवटी एकच 'यांनी' पुरतो. इंग्रजीत नाव ओळखू यावे म्हणून मोठे अक्षर असते. आपल्या लिपीत तसे काही नाही, ती उणीव हा 'यांनी' थोडीफार भरून काढतो. फक्त प्रत्येक वाक्यात तो ठोकू नका. पहिल्यांदा 'गोरे यांनी', पुढे खुशाल 'त्यांनी'.

आता पदव्या. 'डॉ.' ही पदवी, 'प्रा.' हे पद. त्यामुळे 'प्रा. डॉ.' तर्काने चुकीचे नाही, पण दोन टोप्या एकावर एक घातल्यासारखे दिसते. त्यातून 'प्रा.'चे दुखणे वेगळेच आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्रत्येकाला आपण 'प्रा.' म्हणतो, कागदोपत्री मात्र सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक अशा तीन पायऱ्या आहेत. (जुने अहवाल चाळाल तर तिथे अधिव्याख्याता आणि प्रपाठक भेटतील, ती त्या काळची पदे, ती 'सुधारू' नका.) काही जण 'प्राचार्य'चेही 'प्रा.' करतात, मग तर गोंधळाला पारावार नाही. माझा नियम असा: नावाआधी एकच उपाधी, डॉक्टरेट असेल तर 'डॉ.', नसेल तर 'प्रा.', नेमके पद पूर्ण शब्दात, एकदाच.

एक टिंब आणि एक आडवी रेघ यांच्यावरही लक्ष ठेवा. 'प्र-कुलगुरू' हे विद्यापीठ कायद्यातले पद आहे, कुलगुरूंच्या खालचे. 'प्र. कुलगुरू' म्हणजे प्रभारी, तात्पुरते पद सांभाळणारे कुलगुरू. मुद्रितशोधकाने टिंबाची रेघ केली की माणसाची पायरीच बदलते. त्यापेक्षा 'प्रभारी' पूर्ण लिहावे.

उपाध्या नेहमी 'डॉ.', 'प्रा.' एवढ्यावरच थांबल्या असेही नाही. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर, नंतरचे रँग्लर र. पु. परांजपे, पुढे महामहोपाध्याय द. वा. पोतदार. या उपाध्या त्या नावांना इतक्या चिकटल्या आहेत की त्या खरवडून सरसकट 'डॉ.' किंवा 'प्रा.' लावणे म्हणजे दुसऱ्याच माणसांबद्दल लिहिणे. आद्याक्षरेही अशीच जपावीत. १९६४ ते ६६ या काळात पुण्याचे कुलगुरू न. वि. ऊर्फ काकासाहेब गाडगीळ होते आणि त्यांच्यानंतर लगेच धनंजयराव गाडगीळ. '१९६६ साली कुलगुरू गाडगीळ यांनी' एवढेच लिहिले तर कोणते गाडगीळ? आद्याक्षरे मराठी वळणाची ठेवा, म्हणजे नावातल्या पहिल्या अक्षराची काना-मात्रेसह: 'मु. रा.', 'एम. आर.' नव्हे. श्रीनिवास किंवा श्रीधर असेल तर मात्र पूर्ण नाव द्या, 'श्री. के.' पाहून वाचकाला श्रीयुत के. वाटतात.

जुन्या घटनेत 'माजी' घालायची खोडही सोडावी. जयकर १९५० साली माजी कुलगुरू नव्हते. तिथे 'तत्कालीन' हवे, किंवा काहीच नको.

कुलगुरू शब्दापाशी जरा थांबतो. आपल्याकडे राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती आणि विद्यापीठ चालवतात ते कुलगुरू. हिंदीत वर्षानुवर्षे या दुसऱ्या पदाला 'कुलपति' आणि पहिल्याला 'कुलाधिपति' म्हणत आले. म्हणून हिंदी बातमीवरून भाषांतर करताना एखाद्या प्राध्यापकाला आपण नकळत राज्यपालांच्या खुर्चीत बसवतो. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये 'कुलपति'चे 'कुलगुरु' केले, त्यामुळे तिथला घोळ आता मिटेल; जुन्या हिंदी कागदांत तो राहणारच. लेखनाचे म्हणाल तर मराठीत एकटा शब्द दीर्घ, 'कुलगुरू', 'कुलपती'. समासात पुढे शब्द आला की ऱ्हस्व, 'कुलगुरुपद', 'कुलपतिपद'. 'कुलगुरूंनी'मध्ये रू पुन्हा दीर्घच.

बाई कुलगुरू असतील तर शब्दाला हात लावायचे कारण नाही. 'मुंबई विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरू डॉ. स्नेहलता देशमुख म्हणाल्या' या वाक्यात 'च्या' आणि 'म्हणाल्या' यांनी सगळे सांगून टाकले. 'विभागप्रमुख'चेही तेच, 'विभागप्रमुखा' हा शब्द मी छापील पाहिला आहे, पुन्हा पाहायची इच्छा नाही. प्राचार्या, प्राध्यापिका, संचालिका हे रुळलेले शब्द आहेत, ते ठेवा किंवा मूळ रूपे वापरा, पण अहवालभर एकच धोरण असू द्या.

'विभागप्रमुख' हा समास, म्हणून जोडून. 'इतिहास विभाग' तोडून. दोन्ही एकत्र आले की 'इतिहास विभागप्रमुख' असे अवघडलेले रूप तयार होते. त्यापेक्षा 'इतिहास विभागाच्या प्रमुख' सरळ आहे. विभागाचे नाव पाटीवर असेल तसे पूर्ण द्यावे, मग लोक काहीही म्हणोत. पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्येच्या विभागाला अख्खे पुणे 'रानडे' म्हणते. आठवणींच्या लेखात 'रानडे'च शोभते, आकडेवारीच्या तक्त्यात नाही.

विद्यापीठांच्या नावात काळ पाळावा लागतो. १९४९ साली स्थापन झाले ते पुणे विद्यापीठ. 'सावित्रीबाई फुले' हे नाव २०१४ मधले. १९९० च्या पदवीधराने 'पुणे विद्यापीठ' लिहिले असेल तर ते बरोबरच आहे. मराठवाडा विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले, त्यामागे दीर्घ आणि रक्त सांडलेला लढा आहे. तिथे 'बामु' असे लघुरूप करून तेच नाव गिळून टाकणे मला तरी बरे वाटत नाही. पहिल्यांदा पूर्ण नाव, पुढे नुसते 'विद्यापीठ' पुरते. मुंबईचे मात्र गंमतीदार आहे. १९९६ मध्ये इंग्रजी नावातले 'बॉम्बे' गेले, आणि मराठीत काहीच बदलले नाही, कारण आपण आधीपासून मुंबई विद्यापीठच म्हणत होतो.

राहिली गुणवंतांची यादी, जिच्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण ती अहवालात असणारच. तिथे 'कु.' काढून टाका. ते कुमारचेही लघुरूप आणि कुमारीचेही, तेव्हा त्यातून काहीच कळत नाही, 'सौ.'चा तर सुवर्णपदकाशी संबंध नाही. आणि 'याने', 'हिने'ऐवजी सगळ्यांना 'यांनी' लावा. पीएच.डी. मिळवणाऱ्यांत नोकरी सांभाळून, पन्नाशीला आलेले लोकही असतात. त्यांना 'याने प्रबंध सादर केला' म्हणायला जीभ रेटत नाही, आणि त्याच पानावर विशीतल्या मुलीला 'हिने' म्हणायचे तर पुन्हा दोन नियम सांभाळत बसावे लागेल.