बायरॅड्स ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे

ताई, त्या ३ आकड्याची धास्ती आधी सोडा. तुम्ही लिहिलंय की मुलगी २३ वर्षांची आहे, उजव्या स्तनात गाठ लागते, अमळनेरला सोनोग्राफी केली तर 'फायब्रोअ‍ॅडिनोमा, बायरॅड्स ३' आलं (यातलं पहिलं म्हणजे स्तनातली साधी, कॅन्सर नसलेली गाठ), आणि नणंदबाईंनी ते वाचून 'ही तर तिसरी स्टेज' म्हणत घर डोक्यावर घेतलं. कॅन्सरची स्टेज वेगळी, बायरॅड्स वेगळं. रेडिऑलॉजिस्ट गाठ कशी दिसते त्यावरून ० ते ६ असा आकडा देतात. २ म्हणजे साधी. ३ म्हणजे साधीच दिसते, कॅन्सर निघायची शक्यता २ टक्क्यांच्या वर नाही, तरी सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ किंवा ५ असता तर सुईने तुकडा काढून तपासायला सांगितलं असतं. सर्जरीच्या ओपीडीत सिस्टर म्हणून नोकरी केली, या आकड्यावरून रडत आलेल्या आया नेहमीच पाहिल्यात.

रिपोर्टच्या वरच्या ओळी बघा. लंबगोल आकार, स्पष्ट कडा, गाठ उभी नसून आडवी. तिन्ही गोष्टी चांगल्या. वेड्यावाकड्या कडा किंवा उभी वाढलेली गाठ असती, तर डॉक्टर एवढ्यावर थांबले नसते. आणि तुम्हीच लिहिलंय की हात लावला की ती बोटाखालून सटकते. या वयात अशी गुळगुळीत, हलणारी गाठ बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडिनोमाच निघते. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, का केली नाही म्हणून डॉक्टरांवर शंका घेऊ नका. तरुण वयात स्तन घट्ट असतो, त्यात सोनोग्राफीतच नीट दिसतं.

लग्न दिवाळीनंतर आहे म्हणून घाईने काढून टाकायची गरज नाही. गाठ २ सेंटिमीटरची आहे. ३ सेंटिमीटरच्या वर गेली, भराभर वाढली, दुखायला लागली किंवा मुलीच्याच मनातून जात नसेल, तर काढतात. भराभर वाढली तर मात्र वाट बघू नका, फायलॉइड्स नावाची दुसरी गाठ सुरुवातीला अगदी अशीच दिसते. गरोदरपणात ही थोडी मोठी होऊ शकते, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे तेव्हा घाबरणार नाही. बाळाला अंगावर पाजायला एरवी काही अडचण येत नाही. सासरी सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर सरळ सांगितलं असतं.

बिब्ब्याचं विचारलंत. अजिबात नको. आपल्याकडे गाठ म्हटली की कुणीतरी बिबा काढतंच. त्याने गाठ विरघळत नाही, कातडी भाजून फोड येतात, आणि मग डॉक्टरांना नीट हात लावून तपासताही येत नाही. रोज दाबून बघणंही बंद करा. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, पुरे. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीतीही खोटी, पुढे कधी बायोप्सी सांगितली तर नाही म्हणू नका.

आता तुमचं स्वतःचं. पाळीच्या आधी दोन्हीकडे जड होतं, ठणकतं, पाळी आली की उतरतं, हे हार्मोनचं दुखणं. नीट मापाची, आधार देणारी ब्रा घाला, त्यानेच बऱ्याच जणींना आराम पडतो. जास्तच झालं तर डॉक्टरांना विचारून साधी वेदनाशामक गोळी. पण 'दुखत नाही म्हणजे साधीच असेल' असं कधी धरू नका, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. तुम्ही चाळिशी ओलांडलीय. तुम्हाला नवी गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, स्तनाचं बोंड नव्याने आत वळलं, एका बाजूने आपोआप रक्ताळ पाणी आलं किंवा काखेत गाठ आली, तर कापूस वेचणी संपायची वाट बघायची नाही. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, सर्जरीची ओपीडी गाठा.

मुलीची पुढची सोनोग्राफी एप्रिलच्या आसपास येईल. तोवर ती शहाद्याला सासरी असेल. रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही तिच्या बॅगेत द्या, नुसता मोबाईलवरचा फोटो नको. जुनं माप समोर असेल तरच वाढली की नाही ते कळतं.