टीएमएसमध्ये सी३ वाढलंय, मग लघवीची जीसीएमएस कशाला?

ताई, भाच्याची रक्ताची टीएमएस (जन्मजात चयापचयाचे आजार शोधायची तपासणी) झालीय, त्यात सी३ (प्रोपिओनिलकार्निटिन नावाचा पदार्थ) वाढलेलं आलंय, आता परत लघवीची जीसीएमएस (लघवीतली अ‍ॅसिडं ओळखणारी टेस्ट) म्हणजे उगाच खर्च का असं विचारलंत. उगाच नाहीये, करून घ्या. नुसत्या सी३ वरून प्रोपिओनिक अ‍ॅसिडेमिया की मिथाइलमॅलॉनिक अ‍ॅसिडेमिया (दोन्ही अंगात अ‍ॅसिड साचणारे जन्मजात आजार) ते कळत नाही, दोन्हीत वाढतं, लघवीत मिथाइलमॅलॉनिक अ‍ॅसिड भरपूर सापडलं की दुसरीकडे बोट जातं. पण तेवढ्यानेही घाबरू नका, कारण आई पक्की शाकाहारी, तिचं बी१२ तळाला आणि बाळ नुसतं अंगावर पिणारं असेल तर बाळाच्या लघवीत हेच अ‍ॅसिड चढतं. आपल्याकडे हे बघायला मिळतं बरं का. म्हणून बाळाचं आणि आईचं दोघांचंही बी१२ आणि होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा पदार्थ) करा, आणि ते रक्त बी१२चं इंजेक्शन द्यायच्या आधी काढा.

आता खरी गोम. सॅम्पल कधी घेतलं यावर सगळं आहे. तुम्ही लिहिलंय ताप आला की उलट्या होतात, बाळ सुस्त पडतं, मग लघवी तेव्हाचीच हवी. काही आजारांत मूल बरं असताना रिपोर्ट चक्क नॉर्मल येतो आणि घरचे सुटलो म्हणून पुढचं काहीच करत नाहीत. ग्लुकोजची ड्रिप लागली की चित्र पुसट व्हायला लागतं, म्हणून पहिली लघवी धरून ठेवायला सांगा, मात्र सॅम्पलसाठी ड्रिप अजिबात लांबवायची नाही.

औषधांची यादी फॉर्मवर लिहाच. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्याचे पदार्थ लघवीत उतरतात, एमसीटी तेलाचंही (मध्यम साखळीच्या चरबीचं, आहारात देतात ते तेल) तसंच. १९३४ मध्ये नॉर्वेत फोलिंग नावाच्या डॉक्टरांनी दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड हे रसायन टाकलं, रंग हिरवा झाला, तर औषधामुळे नाही ना हे बघायला आधी त्यांनी मुलांची औषधं बंद करायला लावून परत लघवी मागवली, परत हिरवाच, आणि त्यातून पीकेयू (फेनिलकीटोन्युरिया) हा जन्मजात आजार सापडला. (मुलांच्या अंगाला विचित्र वास येतो म्हणून आईच डॉक्टरांच्या मागे लागली होती.) तुम्ही मात्र फिटचं औषध मनाने बंद करू नका, फक्त लिहा.

लघवी स्वच्छ डबीत, लगेच फ्रीझरमध्ये, लॅबला गोठलेलीच पोचली पाहिजे. काही ठिकाणी फिल्टर पेपरवर वाळवून कुरिअरने घेतात, आधी फोन करून विचारा. आणि रिपोर्ट आला की पुढे जीन टेस्ट सांगतील, त्याची तयारी ठेवा.