‘द व्हेरी सीक्रेट सोसायटी ऑफ इर्रेग्युलर विचेस’ हे पुस्तक प्रेमकथेमुळे बिघडलंय, हे खरं का? तेरा वर्षांच्या मुलीला देता येईल का?

थोडं बिघडलंय, हो. तरीही मी ते दोनदा वाचलंय.

लेखिका सांगू मंदान्ना भारतात वाढलेली, आता इंग्लंडमध्ये राहते. २०२२ साली आलेल्या या कादंबरीची नायिका मिका मून हीदेखील जन्माने भारतीय आहे. या जगात प्रत्येक चेटकीण लहानपणीच अनाथ होते, आणि चेटकिणींनी एकत्र राहायचं नाही असा दंडक असतो. मिका दाया आणि शिक्षिकांच्या हातून वाढली, त्याही सतत बदलत गेल्या. म्हणून इंग्लंडच्या नॉरफक भागातल्या एका घरातून तीन छोट्या चेटकिणींना शिकवायला बोलावणं येतं, तेव्हा तिच्या आधी आपल्यालाच भरून येतं.

त्या मुलींची नावं रोझेटा, टेराकोटा आणि अल्टामिरा. त्यांना सांभाळणारी लिलियन पुरातत्त्वज्ञ, त्यामुळे एकीचं नाव इजिप्तमधल्या शिलालेखाचं, एकीचं चीनमधल्या मातीच्या सैन्याचं, एकीचं स्पेनमधल्या गुहेचं! असल्या बारकाव्यांनी घर जिवंत होतं. म्हातारे इयन आणि केन, स्वयंपाकघर, बाग, सगळंच हवंहवंसं वाटतं.

आता प्रेमकथा. नायक जेमी, घरातला ग्रंथपाल. कपाळावर आठ्या, बोलणं तुटक, मुलींसाठी मात्र जीव टाकणारा. माणूस वाईट नाही. पण मिका आणि टेराकोटाचं बघा. ही पोरगी मिकाला घरात येऊच द्यायला तयार नसते, उघड धमक्या देते. तिचा विश्वास इंचाइंचाने मिळवावा लागतो आणि त्यातलं प्रत्येक पाऊल आपल्याला दिसतं. जेमीच्या बाबतीत तेवढा धीर लेखिकेने धरलेला नाही. तो दिसायला कसा आहे, जवळ आला की मिकाला काय होतं, हे पुन्हा पुन्हा येतं; त्याच्याशी बोलून तिचा एकटेपणा नेमका कुठे हलला, ते फार थोडं. शेवटाकडे कळतं की घरातल्या सगळ्यांनीच मिकापासून काहीतरी मोठं लपवलंय. ती जखम अख्ख्या घराने दिलेली. मला मात्र वाचताना सगळं वजन मिका आणि जेमीच्या दुराव्यावरच पडलेलं जाणवलं, आणि मुली मागे सरकल्या. मला तिथे टेराकोटा हवी होती. फार हवी होती.

मुलीचं म्हणाल तर एक लक्षात घ्या: मुखपृष्ठ लहान मुलांच्या पुस्तकासारखं गोड दिसत असलं तरी कादंबरी मोठ्यांसाठी आहे आणि उत्तरार्धात एक उघड शृंगारप्रसंग आहे. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात मी ती आत्ता देणार नाही. तुम्ही स्वतः वाचा. सुरुवातीचे, मिका त्या घरात येते तिथपर्यंतचे भाग तिला रात्री मोठ्याने वाचून दाखवा. मी माझ्या भाचीसाठी तेच केलं. टेराकोटाच्या धमक्या तिला तोंडपाठ आहेत.